मेझुझा, मलिदा आणि नवं घर

नमस्कार श्रोतेहो. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पेणकर, रोहेकर, किहीमकर. आडनाव ऐकलंत की गाव कळतं. आजी सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणायची, आणि मलाही तोच शब्द गोड लागतो.

नव्या घरात आम्ही मेझुझा लावतो. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या २२ ओळी, 'शेमा इस्राएल' या प्रार्थनेपासून सुरू होणाऱ्या. त्यांची गुंडाळी डबीत घालायची, आशीर्वाद म्हणायचा आणि डबी चौकटीला ठोकायची. आत शिरताना उजव्या हाताला. पुन्हा सांगते, आत शिरताना उजव्या हाताला, साधारण खांद्याच्या उंचीवर. आतल्या खोल्यांनाही लावायची, न्हाणीघर-संडास सोडून. इस्राएलबाहेर भाड्याच्या घराला ३० दिवसांची मुभा असते, पण मी म्हणते, कशाला थांबायचं? आणि हल्लीच्या त्या प्लायच्या पातळ चौकटी! खिळाही धड बसत नाही. दार कसं सागवानी हवं.

मेझुझा लागला की मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सोबत फळं. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे आमच्या एलियाहू प्रेषिताच्या नावाने. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या घोड्याच्या टापेची खूण आहे असं आम्ही मानतो.

आम्ही अलिबागचं घर सोडून ठाण्याला आलो तेव्हाची गोष्ट. १८७९ सालची शाआर हाशामाईम मशीद जवळ, म्हणून आजी खूश होती. शेजारच्या काकूंशी तिची दोन दिवसांत गट्टी जमली. मलिद्याच्या दिवशी सकाळी आजी त्यांना म्हणाली, "दोन किलो पोहे आहेत, संध्याकाळी तेवढे तुमच्याकडेच भिजवाल का? आमची भांडी अजून खोक्यात आहेत."

संध्याकाळी सहाला जिन्यात मोहरी-हिंगाचा वास सुटला. काकू घामाघूम होऊन दारात उभ्या, हातात मोठं पातेलं. दोन किलो कांदेपोहे! वर कोथिंबीर, खोबरं, लिंबाच्या फोडी. माणसं सातला येणार होती. आईने डोक्याला हात लावला. काकूंना सगळं कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

आजीने पातेलं हातातून घेतलं. म्हणाली, "बरं केलंस गं. माणसं अलिबागहून दमून येणार, आधी पोटात काही पडू दे." काकांना वाण्याकडे पिटाळलं, पोहे आणायला. जाडेच आणा म्हणाली. पातळ पोह्यांचा लगदा होतो आणि लगद्याला मलिदा म्हणू नये, हे माझंही ठाम मत. मग तिने काकूंना पाटावर बसवलं, विळी पुढ्यात दिली आणि पाच नारळ. आलेल्या माणसांनी कांदेपोहे खाल्ले, काकूंनी पाचही नारळ खवले. प्रार्थना सुरू व्हायला साडेआठ वाजले. आम्ही 'एलियाहू हन्नाबी' म्हणत होतो तेव्हा काकू पदर डोक्यावर घेऊन दाराशी बसल्या होत्या.

मलिद्याची ताटली घेऊन निघताना त्या उंबऱ्यात थांबल्या. डबीला बोटं लावली, ती ओठांना लावली. कोणी शिकवलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघत होत्या तेवढंच.

तर, आत शिरताना उजव्या हाताला. नमस्कार.