बोटीवर चढण्याआधीचा हिशेब

(कोल्हापुरात सहलीची भिशी चालवणाऱ्या महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार. तुम्ही यंदा भिशीचे पैसे क्रूझसाठी बाजूला टाकताय, याचा मला मनापासून आनंद आहे. समुद्र बघायला आपण गणपतीपुळे, मालवण करतोच. पण चारी बाजूंनी नुसतं पाणी आणि आपण डेकवर उभ्या, हे एकदा तरी अनुभवावंच. ते ऐपतीत बसावं, म्हणून सांगते. क्रूझचे पैसे वाचतात ते घरी बसून कोटेशन वाचताना. बोटीवर गेल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो आणि तोही केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून. समजा, 25,000 छापलंय. त्यावर पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी म्हणजे बोटीवरच्या कर्मचाऱ्यांची टीप, आणि कर चढतात. म्हणून एजंटला एकच विचारायचं, ‘सगळं धरून माणशी किती?’ आणि उत्तर लेखी घ्यायचं. एकटी बाई एका केबिनमध्ये राहणार असेल, तर बहुतेक ठिकाणी तिला जवळपास दोघांचं भाडं पडतं. उलट त्याच केबिनमध्ये तिसरं-चौथं माणूस आलं की त्यांचं भाडं बरंच कमी लागतं. तेव्हा चौघींनी एक केबिन घ्या. फक्त हे आधी ध्यानात घ्या की वरचे दोन बर्थ भिंतीतून किंवा छतातून उघडतात, चढायला शिडी असते, बाथरूम एकच आणि तेही लहान. जिचे गुडघे दुखतात तिला खालची जागा, हे बुकिंगच्या वेळीच ठरवून टाका.

केबिन कुठली घ्यायची? खिडकी नसलेली, आतली, खालच्या डेकवरची आणि बोटीच्या मधल्या भागातली. ही सहसा सगळ्यांत स्वस्त गटात मोडते. शिवाय बोट सगळ्यांत कमी हलते ती मध्यभागी आणि खालीच, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी हीच बरी. बाल्कनीसाठी जादा पैसे मोजू नका असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्र वरच्या डेकवरून सगळ्यांना सारखाच दिसतो.

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझमध्ये कोल्हापूरकरांची एक मोठी सोय आहे. बोट बॅलार्ड पिअरच्या बाजूने सुटते आणि तिथून सीएसएमटी अगदी जवळ. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री इथून निघते, सकाळी सीएसएमटीला. परतीलाही ती रात्रीच सुटते. बोटीच्या वेळा जुळल्या तर मुंबईत हॉटेलची एक रात्रही लागत नाही. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. क्रूझची तारीख ठरली की तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. शेवटच्या आठवड्यात क्रूझ स्वस्त मिळते हे खरं आहे, पण ते मुंबईत राहणाऱ्यांच्या कामाचं. आपल्याला वेटिंगचं तिकीट हातात घेऊन ती सवलत परवडत नाही. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. तेव्हाचं भाडं कितीही कमी दिसलं तरी मी कुणाला जायला सांगत नाही.

सिंगापूरहून जायचं असेल तर हिशेब वेगळा. बोट मलेशिया किंवा थायलंड करून पुन्हा सिंगापूरलाच येते, म्हणजे एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. परदेशी पॅकेजवर टीसीएस कापतात, म्हणजे पॅकेज विकणारा आपल्याकडून आधीच आयकर घेऊन सरकारकडे भरतो. तो खर्च नव्हे. रिटर्न भरताना करात वळता होतो, नाहीतर परत मिळतो. पावती जपून ठेवा आणि पॅकेज ज्यांच्या पॅनवर घेतलंय त्यांनी रिटर्न भरायला विसरू नका. कार्ड देताना मशीनवर ‘रुपयात की डॉलरमध्ये’ असं विचारलं, तर तिथलं चलन निवडा. रुपयात घेतलं की दर जास्त लावतात.

आता बोटीवरचे खड्डे. नेहमीचं जेवण भाड्यात येतं. भारतीय बोटींवर जैन जेवणही मिळतं. पण खास रेस्टॉरंट, स्पा, फोटो, वाय-फाय यांचे पैसे वेगळे. केबिनचं कार्ड दाखवलं की रक्कम खात्यावर चढते, रोख जात नाही म्हणून कळतही नाही. रोज रात्री खात्यावर किती चढलं ते विचारा. काही परदेशी कंपन्यांत केबिनमधल्या एकीने दारूचं पॅकेज घेतलं तर बाकीच्या सगळ्या मोठ्यांनाही घ्यावं लागतं, हे तर चौघींच्या केबिनला फारच महागात पडेल.

सगळ्यांत जपायचा तो मोबाइल. किनारा सुटला की फोन बोटीवरचं सॅटेलाइटचं नेटवर्क पकडतो, आपला नेहमीचा पॅक तिथे चालत नाही आणि बिल घरी आल्यावर कळतं. बोट हलायच्या आत फोन फ्लाइट मोडवर टाका आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते काळजी करणार नाहीत.

बंदरावर उतरल्यावर आपली टॅक्सी करून फिरणं बहुधा स्वस्त पडतं. पण कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते, आपल्याला झाला तर थांबत नाही. म्हणून जवळचंच बघा आणि बोटीवरच्या घड्याळाप्रमाणे दीड-दोन तास आधी परत या.

आता तुमचे प्रश्न घेऊ. कुणी कोटेशन आणलं असेल तर ते आधी पुढे द्या, एकेक ओळ सगळ्या मिळून वाचू.