फाल्गुनात उघडलेला दिवाळी अंक

नमस्कार, श्रोते मंडळी.

हरभरा निघाला, गहू घरात आला, कपाशीची शेवटची वेचणीही आटोपली. आता काही दिवस वावर जरा सुटी देतं. आपल्या विदर्भातला वसंत एवढाच. पळस फुलला की वैशाखाचं ऊन यायच्या आत जे काय करायचं ते करून घ्यायचं.

मी या दिवसांत परसातच असतो. पऱ्हाटी नि तुराट्या घरच्याच, त्यामुळे कुंपण आणि दोडक्याचा मांडव फुकटात उभा राहतो. खरी ओढाताण पाण्याची. काळी माती तापली की भेगाळते, वरून ओतलेलं पाणी भेगांतून सरळ खाली जातं. म्हणून वेलांच्या मधोमध साधा माठ गळ्यापर्यंत पुरा. रंग दिलेला नको, छिद्रं बुजतात. भरून वर झाकण ठेवा. माती सुकेल तसं पाणी पाझरतं, माती ओली असली की पाझर मंदावतो. भोवती सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर द्या. मोरीचं पाणी केळीला आणि अळूला.

हे सगळं ऊन चढायच्या आत. मग दुपार उरते, ती वाचनाची.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि पुढे फराळासोबत अंक हे समीकरणच झालं. शहरात ते ठीक आहे. आपल्याकडे दिवाळीत कापूस फुटलेला, हरभऱ्याची पेरणी चाललेली. अंक उघडतो कोण? माझं तर स्पष्ट मत आहे, वऱ्हाडात दिवाळी अंक फाल्गुनातच वाचावा. ग्रंथालयातली झुंबड तोवर ओसरलेली असते. आणि राशिभविष्याची मजा तर तेव्हाच! कार्तिकात धनलाभ लिहिलेला असतो, अन् कापसाला काय भाव मिळाला ते आपल्याला ठाऊक असतं.

ओसरीवर मोठ्यानं वाचलं तर शेवया करणाऱ्या बायाही कान देतात. पान उलटायला उशीर झाला की विचारतात, "मंग काय झालं जी?"

ऊन उतरलं की पुन्हा परसात. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, कोहळ्याची पहाटे. मधमाश्या दिसत नसतील तर नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलाला लावा. ज्या फुलामागे बारकं फळ दिसतं, ती मादी. वेळ मात्र सांभाळा, फूल मिटलं की उपयोग नाही.

आणि हो, आणलेले अंक मृगाआधी ग्रंथालयात परत करा. मला हवा असलेला एक अजून कुणाच्या तरी फडताळात पडून आहे. नमस्कार.