सेकंदाला सहा मीटर

(इंदूरमध्ये शाळकरी मुलं आणि त्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कॅटचा रस्ता इथल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथं आत, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे आपण ज्याला कॅट म्हणतो तिथं, इंडस-2 नावाचं यंत्र आहे. साधारण 172 मीटर परिघाची एक वाटोळी नळी, आतली हवा जवळजवळ पूर्ण काढून घेतलेली, आणि त्या पोकळीत चुंबकांनी वळवत ठेवलेले इलेक्ट्रॉन. सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या! वेगाबद्दल बोलायचं म्हटलं की आपण लगेच आकाशाकडे बघतो. मला मात्र सुरुवात आपल्या गावातूनच करायची आहे.

प्रकाशाचा वेग सेकंदाला 2,99,792 किलोमीटर. इंडस-2 मधले इलेक्ट्रॉन पूर्ण ऊर्जेला, म्हणजे 250 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टला (हे अशा कणांची ऊर्जा मोजायचं एकक) पोचले की प्रकाशाच्या किती मागे राहतात? सेकंदाला फक्त सहा मीटर आणि थोडं वर. उसेन बोल्ट 2009 साली बर्लिनमध्ये 100 मीटर 9.58 सेकंदांत धावला, त्याचा सरासरी वेगसुद्धा या फरकापेक्षा दीडपटीहून जास्त होता.

आता नीट लक्ष द्या, कारण खरं आश्चर्य पुढे आहे. हे इलेक्ट्रॉन या नळीत सोडतात तेव्हा त्यांची ऊर्जा 55 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि ते प्रकाशापेक्षा सेकंदाला सुमारे 130 मीटर मागे असतात. तिथून ऊर्जा साडेचार पटीनं वाढवायची, आणि वेग वाढतो किती, तर जेमतेम सव्वाशे मीटर. प्रकाशाच्या वेगाजवळ जावं तसतसं पुढचं प्रत्येक पाऊल महाग होत जातं. दिलेली ऊर्जा वाया जात नाही. इलेक्ट्रॉनला वळवणं अधिकाधिक अवघड होतं, चुंबकांचा जोर वाढवावा लागतो. आइनस्टाइननं 1905 साली कागदावर मांडलेली ही गोष्ट कॅटमधल्या लोकांना रोजच्या कामात हिशेबात धरावी लागते. मला याचा फार अभिमान वाटतो.

आता आपण स्वतः. पृथ्वीच्या फिरण्यामुळे इंदूर ताशी सुमारे 1,540 किलोमीटर वेगानं पूर्वेकडे चाललंय, आवाजापेक्षाही जोरात. सूर्याभोवती आपण ताशी एक लाख सात हजार किलोमीटरनं जातो. अपोलो 10 मधले तिघं 26 मे 1969 रोजी चंद्राकडून परतताना ताशी 39,897 किलोमीटरपर्यंत पोचले होते. घरी बसलेले त्यांचे शेजारी सूर्याभोवती त्याच्या अडीच पटींहून जास्त वेगानं जात होते. मग कळत कसं नाही? आपल्या कानाच्या आत चुन्याच्या जातीचे अगदी बारीक स्फटिक एका मऊ थरावर बसलेले असतात. वेग बदलला की ते मागेपुढे सरकतात, खालचे केसासारखे तंतू वाकतात आणि मेंदूला खबर जाते. वेग एकसारखा राहिला तर सांगण्यासारखं काहीच नसतं.

ही खबर तरी किती वेगानं जाते? एकोणिसाव्या शतकात योहानेस म्युलरसारख्या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाला वाटत होतं की नसेतला वेग मोजणं बहुधा कधीच जमणार नाही. त्याच्याच शिष्यानं, हेल्महोल्ट्झनं, 1850 साली तो मोजला. बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याची नस घेतली. आधी स्नायूच्या जवळ विजेचा झटका दिला, मग थोडं दूर. दुसऱ्या वेळी स्नायू किंचित उशिरा आखडला. तो उशीर आणि नसेवरचं तेवढं अंतर, एवढ्यावर उत्तर निघालं: सेकंदाला सुमारे 27 मीटर. माणसाच्या सर्वांत जलद नसांत हा वेग 120 मीटरच्या घरात जातो. रेंगाळणारं दुखणं वाहून नेणाऱ्या बारीक नसांत मात्र तो एक-दोन मीटरच, चालण्याच्या बेताचा. म्हणून ठेच लागली की लागल्याचं आधी कळतं आणि ठणका मागून येतो.

पालकांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. झटपट उत्तर देणारं मूल हुशार, आणि वेळ घेणारं मंद, असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. प्रकाशाला वेग आहे हे डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रोमरनं 1676 साली दाखवलं ते झटपट नव्हे. पॅरिसमध्ये गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की ग्रहणं उशिरा दिसायची, जवळ येत असली की लवकर. हा फरक प्रकाशाला वाटेत लागणाऱ्या वेळाचा, हे त्यानं ओळखलं. सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटरच्या नसा असलेल्या माणसानं विश्वातला सर्वांत मोठा वेग पकडला, तो धीरानं.

आणि जिथं खरोखर घाई असते, तिथंही नुसती चपळाई पुरत नाही. आपल्या इंदूरच्या होळकर क्रिकेट संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला, कर्नल सी. के. नायडू त्याचे कर्णधार. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. डोळ्यांनी पाहून हात हलायलाच सुमारे पाव सेकंद जातो, वर बॅट फिरवायची आहे. चेंडू शेवटपर्यंत पाहून मग ठरवू म्हटलं तर यष्ट्या गेल्याच. फलंदाज गोलंदाजाचा हात, मनगट, चेंडूचा सुरुवातीचा प्रवास पाहून पुढचं आधीच ताडतो, आणि हे ताडणं त्याला वर्षांच्या सरावानं आलेलं असतं.

तुमचा स्वतःचा वेळ मोजायला 30 सेंटिमीटरची पट्टी पुरते. एकानं ती वरून उभी धरायची, दुसऱ्यानं खाली शून्याच्या खुणेपाशी बोटं उघडी ठेवायची. न सांगता पट्टी सोडायची. 20 सेंटिमीटरवर पकडली तर 0.2 सेकंद, 30 वर पकडली तर पाव सेकंद. पट्ट्या मी आणल्या आहेत. पहिल्या दोन रांगांतल्या मुलांनी जोड्या करून पुढे या. आजी-आजोबांपैकी कुणाला यायचं असेल तर त्यांनीही यावं.