काळ्या शेपटीवरचा तारा

(मुंबई विमानतळ, चेक-इन काउंटर. बॅगेच्या मुठीवरच्या पट्टीचा क्लोज-अप.)

ही निळी बॅग नीट बघून ठेवा. तिच्या मुठीला आत्ताच पट्टी चिकटवली आहे. पट्टीवरची सगळ्यांत मोठी अक्षरं, एच-ए-एम. म्हणजे हॅम्बुर्ग. खाली बारीक अक्षरांत फ्रँकफर्ट आणि दिल्ली. बारकोडखाली दहा आकडे. पहिला शून्य. त्यानंतरचे तीन, ०९८, ही एअर इंडियाची खूण. उरलेले सहा या एकट्या बॅगेचे.

(बॅग पट्ट्यावरून आत जाते.)

दिल्लीला ती विमान बदलेल. फ्रँकफर्टला पुन्हा बदलेल, आणि तिथे कंपनीही वेगळी असेल, लुफ्थान्सा. प्रवासी मधे कुठेही तिला हात लावणार नाही. एकमेकांचं सामान पुढे पोचवण्याचे करार विमान कंपन्यांमध्ये फार जुने आहेत. पण तिकीट, माइल्स म्हणजे प्रवासाबद्दल मिळणारे गुण, लाउंज, वेळापत्रक, जादा सामानाची सवलत, हे सगळंच वाटून घ्यायचं ठरलं, तेव्हा जे उभं राहिलं, त्याची खूण आता समोर येते आहे.

(टॅक्सी-वे. विमानाची शेपटी हळूहळू चौकटीत येते. इथे पाच सेकंद निवेदन नाही.)

एरवी एअर इंडियाच्या शेपटीवर लाल हंस असायचा. या विमानाची शेपटी काळी आहे आणि तिच्यावर चंदेरी तारा. अंगावर मोठ्या अक्षरांत स्टार अलायन्स, म्हणजे हे सगळं वाटून घेणाऱ्या विमान कंपन्यांची आघाडी. मालक कंपनीचं नाव पुढे, लहान अक्षरांत. आघाडीतल्या कंपन्या आपली काही विमानं अशी रंगवतात.

ताऱ्याला टोकं पाच, कारण १४ मे १९९७ रोजी सुरुवात केली ती पाच जणांनी. युनायटेड, लुफ्थान्सा, एअर कॅनडा, थाई आणि स्कँडिनेव्हियाची एसएएस.

(नरिमन पॉइंट, समुद्राकडून दिसणारी एअर इंडियाची जुनी इमारत.)

या पंक्तीत बसायचं निमंत्रण एअर इंडियाला डिसेंबर २००७ मध्ये आलं. पाट मांडला गेला, पण पान वाढलं जायला साडेसहा वर्षं लागली. ती वर्षं कशात गेली, हे सांगायलाच हवं, कारण या कामाचे फोटो कुणी काढत नाही.

त्याच वर्षी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र करायचं ठरलं होतं. कागदावर कंपनी एक झाली, पण आरक्षणाच्या यंत्रणा दोन होत्या. उड्डाणांचे कोडही दोन, एआय आणि आयसी. एकच कोड झाला तो फेब्रुवारी २०११ मध्ये. आघाडीला मात्र उंबरठ्यावरच सगळं जुळलेलं हवं होतं. दुसऱ्या कंपनीचं, नेहमीच्या प्रवाशांना मिळणारं गोल्ड कार्ड घेऊन कुणी मुंबईच्या काउंटरवर आलं, तर इथल्या संगणकाने ते ओळखलं पाहिजे. त्याला वीस किलो किंवा एक नग जादा सामान नेऊ दिलं पाहिजे. त्याचे माइल्स त्याच्याच खात्यात जमा झाले पाहिजेत.

(काउंटरमागचे हात, कीबोर्ड, छापून बाहेर येणारा बोर्डिंग पास.)

हे हात बघा. नवी यंत्रणा शिकले ते हे लोक, समोर रांग उभी असताना.

२०११ च्या जुलैअखेर आघाडीने प्रक्रिया थांबवली. किमान अटी पूर्ण झालेल्या नाहीत, असं कारण दिलं. पुढच्याच फेब्रुवारीत किंगफिशरचा वनवर्ल्ड आघाडीतला प्रवेशही ऐन तोंडावर थांबला. म्हणजे तोवर एकाही जागतिक आघाडीत एकही भारतीय कंपनी नव्हती. ज्या देशाचं विमान १९४८ सालीच मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचलं होतं, त्या देशाची ही गोष्ट. आम्हांला ती तेव्हाही लागली होती.

डिसेंबर २०१३ मध्ये काम पुन्हा सुरू झालं. जून २०१४ मध्ये लंडनला सदस्य कंपन्यांच्या प्रमुखांनी होकार दिला, आणि ११ जुलै २०१४ रोजी एअर इंडिया आत गेली. सत्ताविसावी सदस्य. पहिली भारतीय.

(रात्र. उड्डाण. दिवे लहान होत जातात.)

पुढचं थोडक्यात. कर्जाचा डोंगर उतरला नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटांकडे परत गेली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही विमान कंपनी तिच्यात मिसळली. त्याआधी काही आठवडेच, पाच संस्थापकांपैकी एसएएस ताऱ्यातून बाहेर पडून स्कायटीम या दुसऱ्या आघाडीकडे गेली होती. तारा मात्र अजून पाच टोकांचाच रंगवतात.

(फ्रँकफर्ट. काचेपलीकडे शेपट्यांची रांग, त्यांत एक काळी.)

इथे आपल्या बॅगेला जेमतेम दीड तास आहे. काउंटरवर एकदा, विमानात चढताना एकदा, इथे हस्तांतराच्या जागी आणि शेवटी प्रवाशाच्या हाती जाताना. अशी चार ठिकाणी प्रत्येक बॅगेची नोंद ठेवायची, हा नियम जगभरच्या विमान कंपन्यांच्या संघटनेने जून २०१८ पासून लागू केला.

(स्कॅनरचा लाल किरण. मूळ आवाज.)

तिसरी नोंद झाली.

(हॅम्बुर्ग. रिकामा पट्टा फिरू लागतो. एक काळी बॅग, एक खोका. मग निळी.)

शून्य, शून्य, नऊ, आठ.

(हात पुढे येतो. मूळ आवाज तसाच ठेवावा.)