आईचे गुडघे आणि पार्थेनॉन

(दृश्य: जेवणाचं टेबल. आखीव वही, चष्मा, अर्धा प्यालेला चहा.)

आईचा पहिला प्रश्न होता, "पायऱ्या किती?"

दुसरा बाबांचा. "पडकं देऊळ बघायला एवढं लांब जायचं?" बाबांची सगळी नोकरी पुलांच्या बांधकामावर गेली. जे धड उभं नाही, ते बघायला पैसे मोजणं त्यांना पटत नाही. थोरलीचं म्हणणं होतं की सकाळी लवकर उठवू नका. धाकटा दहा वर्षांचा. वर आइस्क्रीम मिळतं का, एवढंच त्याला हवं होतं.

नाही मिळत. वर दुकान नाही.

अथेन्सच्या अॅक्रोपोलिसला, म्हणजे पार्थेनॉनचं देऊळ आहे त्या टेकडीवर, घरच्यांना घेऊन जायचं, तर आखणी या चार माणसांपासूनच करावी लागते. विमान आणि हॉटेल नंतर बघता येतं.

(दृश्य: कॅलेंडरची पानं.)

आम्ही पहिली तारीख धरली १ मे. महाराष्ट्र दिन, सगळ्यांना सुट्टी. ग्रीसमध्येही त्या दिवशी कामगार दिनाची सुट्टी असते आणि अॅक्रोपोलिस बंद असतं. तसंच २५ मार्चला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी. तसंच ईस्टरच्या रविवारी. आणि हा ईस्टर आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातला असेलच असं नाही. ग्रीक लोक ऑर्थोडॉक्स ईस्टर पाळतात, तो कधी एप्रिलमध्ये येतो, कधी मेमध्ये. २०२४ साली ५ मेला होता. सुट्ट्या बघून आपल्याकडची माणसं नेमकी याच दिवसांत निघतात, म्हणून तारखा आधी बघा.

जून-जुलै आम्ही सोडून दिला. २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली, तेव्हा दुपारी १२ ते ५ अॅक्रोपोलिस बंदच ठेवावं लागलं. टेकडीच्या माथ्यावर सावली जवळजवळ नाही. वरून ऊन, खालून पांढऱ्या दगडाची झळ.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसाचा अर्ज निघायच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. कागद जमवणं कंटाळवाणं आहे, अवघड नाही.

तिकिटात मात्र गंमत आहे. सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तासातासाचे स्लॉट आहेत. दिलेल्या वेळेच्या १५ मिनिटं आधीपासून १५ मिनिटं नंतरपर्यंत आत सोडतात. एप्रिल २०२५ पासून पूर्ण तिकीट ३० युरो झालं. मुलांच्या सवलतीचे नियम युरोपीय संघातल्या मुलांना वेगळे, आपल्या मुलांना वेगळे. सांस्कृतिक मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर बुक करताना ते नीट वाचा आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा.

आम्ही घेतला सकाळी ८ चा, दिवसातला पहिला स्लॉट. थोरलीशी बोलणं त्या दिवसापुरतं बंद.

(दृश्य: संध्याकाळ. अॅक्रोपोलिस संग्रहालयाची काच, मागे उजळलेली टेकडी.)

आता माझं ठाम मत. टेकडीवर चढायच्या आदल्या दिवशी पायथ्याचं संग्रहालय बघा. बहुतेक जण उलटं करतात. आधी वर जातात, उन्हात दगड बघतात, थकतात, आणि मग संग्रहालयात बाकडं शोधतात. शुक्रवारी हे संग्रहालय रात्री १० पर्यंत उघडं असतं. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोचलो.

२००९ साली उघडलेली ही इमारत. फरशी काचेची, आणि काचेखाली जुन्या वस्तीचं उत्खनन. आई पहिल्या काचेवर पाय ठेवेना. खाली घरांच्या भिंती, विहिरी दिसत होत्या. "कुणाच्या तरी स्वयंपाकघरावरून चाललोय," म्हणाली, आणि मग भिंतीच्या कडेकडेने गेली.

सगळ्यात वरचं दालन पार्थेनॉनच्या दिशेला समांतर, खालच्या मजल्यांपासून जरा वळवून बांधलंय. देवळाभोवतीची १६० मीटर लांबीची शिल्पपट्टी तिथे जशीच्या तशी मांडली आहे. घोडेस्वार, बळीचे बैल, पाण्याचे घडे घेतलेली माणसं. धाकट्याच्या लक्षात आलं की काही तुकडे मधाच्या रंगाचे आहेत आणि काही चुन्यासारखे पांढरेफटक. पांढऱ्या त्या प्लास्टरच्या प्रतिकृती. त्यांचे बहुतेक मूळ दगड लंडनला आहेत.

लॉर्ड एल्गिन हा तेव्हा ग्रीसवर राज्य करणाऱ्या ऑटोमन तुर्कांच्या दरबारातला ब्रिटिश राजदूत. १८०१ पासून त्याच्या माणसांनी शिल्पं उतरवली, काही चक्क करवतीने कापून. १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने ती विकत घेतली आणि ती ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. एरेख्थियॉन नावाच्या देवळाचा सज्जा डोक्यावर पेलणाऱ्या सहा दगडी मुली होत्या. पाच इथे आहेत. सहावीची जागा रिकामी ठेवली आहे.

त्या रिकाम्या जागेपुढे थोरली सकाळपासून पहिल्यांदा बोलली. "वाघनखांसारखं करता येत नाही का? उसनं?"

प्रश्न बरोबर जागी लागला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०२४ मध्ये महाराष्ट्राला वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी दिली. इथे घोडं नेमकं त्याच शब्दावर अडलंय. उसनं घ्यायचं, तर मालक कोण हे आधी कबूल करावं लागतं, आणि ते कबूल करायला ग्रीस तयार नाही. ब्रिटिश म्युझियमला आपल्या संग्रहातली वस्तू देऊन टाकायला १९६३ चा कायदा आडवा येतो. व्हॅटिकनने मात्र आपल्याकडचे तीन तुकडे २०२३ मध्ये परत केले.

(दृश्य: पहाट. आग्नेय प्रवेशद्वार, रांग.)

टेकडीला दोन दारं आहेत. पश्चिमेचं मुख्य, आणि आग्नेयेचं, अॅक्रोपोली मेट्रो स्टेशनजवळ. आईसाठी आम्ही आग्नेयेचं निवडलं. वाट लांबची, पण चढ हळूहळू येतो आणि थांबायला निमित्तं आहेत. पहिलंच निमित्त डायोनिसस देवाचं नाट्यगृह. सोफोक्लीस, युरिपिडीस यांची नाटकं इथे स्पर्धेत व्हायची. पुढच्या रांगेतल्या दगडी खुर्च्यांवर मानकऱ्यांची पदं कोरलेली आहेत. राखीव आसनांचा हट्ट जुनाच म्हणायचा.

चाकाच्या खुर्चीवर असलेल्यांसाठी, किंवा चढणं खरंच शक्य नसलेल्यांसाठी उत्तरेच्या बाजूला लिफ्ट आहे, डिसेंबर २०२० पासून नवी. आधी चौकशी करून जावं, आणि सोसाट्याचा वारा असला तर ती बंद राहू शकते हे धरून चालावं. मी आईला सुचवून बघितलं. "ज्यांना चालता येत नाही त्यांची ती. मला फक्त दुखतं."

बूट मात्र बघून घाला. खडक चुनखडीचा, पायऱ्या संगमरवराच्या, आणि कोट्यवधी पावलांनी दोन्ही घोटून घोटून गुळगुळीत झालेत. पाऊस नसतानाही घसरतं. टाचांच्या चपलांना तर बंदीच आहे.

प्रोपिलिया, म्हणजे महाद्वार. बाहेरचे खांब साधे, आतले आयोनिक घाटाचे, माथ्याला गुंडाळलेल्या शिंगांसारखं नक्षीकाम. आयोनिया हा ग्रीकांचा पूर्वेकडचा मुलूख. त्यावरूनच इराणी भाषेत आणि मग आपल्याकडे शब्द आला, 'यवन'. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख त्या खांबांवरच आहेत. दात्यांची नावं भारतीय आहेत, जात मात्र यवन सांगितली आहे. कार्ल्याला शाळेची सहल प्रत्येकाची गेलेली असते. खांबावरची अक्षरं कोण बघतो.

(दृश्य: पार्थेनॉन, पश्चिमेकडून. क्रेन, परांची.)

आणि मग तो समोर येतो. क्रेनसकट. परांची नसलेला फोटो आम्हाला मिळाला नाही.

इसवी सन पूर्व ४४७ मध्ये काम सुरू झालं, ४३२ मध्ये संपलं. पेरिक्लीस या अथेन्सच्या पुढाऱ्याचा काळ, इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस हे स्थपती, शिल्पांची देखरेख फिडियसकडे. पुढे हे चर्च झालं, मग मशीद. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने अथेन्सला वेढा घातला, तेव्हा तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता. २६ सप्टेंबरला त्यावर तोफगोळा पडला. तोवर बरंचसं शाबूत असलेलं देऊळ मधून फुटलं ते असं.

"म्हणजे पडलं नाही," बाबा म्हणाले. "पाडलं."

तिथून पुढे बाबा आमचे राहिले नाहीत. मी त्यांना वाचून दाखवलं की या देवळात सरळ रेषा जवळजवळ नाही. पायथा मध्यभागी फुगीर आहे, लांब बाजूला सुमारे ११ सेंटिमीटर, आखूड बाजूला सुमारे ६. खांब आत कललेले, कोपऱ्यातले जरा जाड. पुस्तकी उत्तर असं की सपाट रेषा लांबून खचल्यासारखी दिसते, म्हणून नजरेसाठी केलेली ही सोय. बाबा दोरीच्या अलीकडे कोपऱ्याशी वाकले आणि एक डोळा मिटून पायरीच्या कडेने बघत राहिले. "नजरेचं राहू दे. पाण्याचा निचरा होतो." हे मतही अभ्यासकांत आहेच, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

खरे रमले ते लोखंडात. मूळ बांधणीत चुना नाही. दगड दगडाला लोखंडी कड्यांनी जोडलेले, आणि प्रत्येक कडं शिशात ओतून बसवलेलं, म्हणजे पाणी आणि हवा लागणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या अभियंत्याने डागडुजी केली तेव्हा लोखंड वापरलं, शिसं नाही. लोखंड गंजलं, गंजून फुगलं, आणि संगमरवर तडकला. १९७५ पासून चाललेल्या कामात ती कडी काढून टायटॅनियमची घालताहेत. "पुलाच्या सळईचं हेच होतं," बाबा एका अनोळखी जर्मन माणसाला मराठीतच सांगत होते. तो मान डोलावत होता.

शिट्टी वाजली. धाकट्याने खडा उचलला होता. इथला खडासुद्धा नेता येत नाही, आणि रखवालदारांची नजर घारीची आहे. खिसा रिकामा करावा लागला. दोन खडे होते.

रुसलेल्या त्याला मी पूर्वेच्या टोकाला, झेंड्यापाशी नेलं. ३० मे १९४१ च्या रात्री मानोलिस ग्लेझोस आणि अपोस्तोलोस सान्तास हे दोघे उत्तरेच्या कड्यातल्या गुहेतून वर चढले आणि इथला नाझी झेंडा उतरवून घेऊन गेले. एक १८ वर्षांचा, दुसरा १९ चा. "पहारेकऱ्यांनी शिट्टी नाही वाजवली?" त्याने विचारलं. थोरली हसली. आईने एरेख्थियॉनशेजारच्या ऑलिव्हच्या झाडाला लांबूनच हात जोडले. अथेना देवीने दिलेलं झाड त्याच जागी होतं अशी कथा. आताचं विसाव्या शतकात लावलेलं आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

साडेदहाला खाली उतरलो, तेव्हा रांग रस्त्यापर्यंत आली होती.

(दृश्य: पायथ्याचं कॉफीचं दुकान. तीच वही.)

दुसऱ्या दिवसाच्या पानावर मी लिहिलं होतं, "सूनियो, पोसायडनचं देऊळ, सूर्यास्त." बाबांनी पेन मागितलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "पेंटेली डोंगर. संगमरवराची खाण. १६ किलोमीटर. बैलगाडीने कसा आणला?"

"तिथे पायऱ्या आहेत का?" आईने विचारलं.