व्हिएतनाम: आठ कामांपैकी तीन

[दृश्य: तांबड्या नदीचं खोरं, भाताची लावणी]

भाताच्या पिकाची कामं आठ धरली होती. मशागत, बियाणं, पाणी, खत, किडीचा बंदोबस्त. मग लावणी, निगराणी, कापणी. जानेवारी 1981 मध्ये व्हिएतनामच्या कम्युनिस्ट पक्षानं 'निर्देश 100' काढला आणि शेवटची तीन कामं शेतकरी कुटुंबाकडे दिली. पहिली पाच सहकारी संस्थेकडेच राहिली. ठरलेला कोटा भरायचा, वर पिकेल ते घरी न्यायचं.

सुरुवातीला उत्पादन वाढलं. मग कोटे चढत गेले. खत वेळेवर मिळेना, पाणी वेळेवर सुटेना. पीक ज्या पाच कामांवर उभं राहतं ती दुसऱ्याच्या हातात आणि तूट मात्र कुटुंबाच्या माथी. अनेकांनी जमीन संस्थेला परत केली. 1986 मध्ये महागाईचा दर 700 टक्क्यांवर होता. त्याच डिसेंबरात पक्षाच्या सहाव्या अधिवेशनानं 'दोई मोई' हे सुधारणांचं धोरण स्वीकारलं. तरी 1988 च्या सुरुवातीला उत्तरेत उपासमार झालीच.

दोई मोईचं श्रेय आज बहुतेक जण कारखान्यांना आणि परकी भांडवलाला देतात. ते नंतरचं. गरिबीला पहिला धक्का बसला शेतात. एप्रिल 1988 च्या 'ठराव 10' नं शेतीचा कारभार कुटुंबाच्या हाती दिला. सरकारी दरांची सक्ती सुटली आणि धान्य आयात करणाऱ्या या देशानं 1989 मध्ये सुमारे 14 लाख टन तांदूळ निर्यात केला.

1993 च्या कायद्यानं हंगामी पिकांच्या जमिनीचा हक्क 20 वर्षांसाठी दिला, बहुवर्षायू पिकांसाठी 50. मालकी राज्याची; पण हा हक्क विकता येतो, गहाण ठेवता येतो, वारसाला देता येतो.

उत्तरेत वाटप झालं घरातल्या माणसांच्या संख्येवर. चांगल्या, मध्यम, हलक्या अशा प्रत्येक प्रतीच्या जमिनीत प्रत्येक घराला वाटा. त्यामुळे एकेका घराचे तुकडे गावभर विखुरले. यंत्र घालणं अवघड, बांधांत जमीन वाया. तरीही हा सौदा फायद्याचा ठरला, कारण पुढच्या वाढीत बहुतेक घरं काहीतरी हातात घेऊन उतरली. 1993 मध्ये 58 टक्के लोक गरीब होते, 2002 मध्ये 29 टक्के.

[दृश्य: उत्तरेकडचे डोंगर]

डोंगरांत हे गणित बसलं नाही. तिथली बरीच जमीन सरकारी वनसंस्थांकडे होती, उतारावर भातखाचरं थोडी, बाजार दूर. बहुसंख्य किन्ह सोडून उरलेले 53 समाज लोकसंख्येत सुमारे 15 टक्के. उरलेल्या गरिबांत मात्र त्यांचाच भरणा. 1998 पासून 'कार्यक्रम 135' या सरकारी योजनेनं रस्ते आणि शाळा बांधल्या. त्यांची गरज होतीच, पण रस्त्यानं कसायला जमीन मिळत नाही.

गरीब कुणाला म्हणायचं, याचाही इथे परिणाम होतो. 2022 ते 2025 च्या निकषात दोन अटी एकदम लागायच्या: खेड्यात दरमहा दरडोई उत्पन्न 15 लाख डोंग (व्हिएतनामचं चलन) किंवा कमी, आणि घर, पाणी, शौचालय, शाळा, आरोग्य विमा अशा 12 गोष्टींपैकी किमान 3 नसणं. शौचालय बांधून तीनची उणीव दोनवर आली, तर घर 'गरिबीलगत' या यादीत सरकायचं, उत्पन्न एक डोंगही न वाढता. गरीब घराचा आरोग्य विम्याचा पूर्ण हप्ता सरकार भरतं. गरिबीलगतच्या घराला हमी किमान 70 टक्क्यांची. उरलेल्याची सोय प्रांतानं केली नाही, तर तो भार त्याच घरावर येतो.