दगड उचलण्याआधी

मंडळी, वाईहून पसरणी घाटाने वर जाताना कड्याकडे नीट पाहिलंत तर आडवे पट्टे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, त्याचे हे पट्टे. काळा कठीण कातळ, त्याखाली सच्छिद्र ठिसूळ खडक, आणि अधूनमधून विटेच्या रंगाची तांबडी माती. खरी मेख या तांबड्या पट्ट्यात आहे. पाणी लागलं की तो भुसभुशीत होऊन झिजतो आणि वरचा कातळ छज्जासारखा पुढे लोंबत राहतो. त्या कातळाला लाव्हा थिजतानाच उभ्या भेगा पडलेल्या असतात. पावसाचं पाणी त्यांत साठून रेटा देतं, पिंपळाची मुळं तिथेच शिरतात. एक दिवस धोंडा सुटतो. उघडीप पडली म्हणून निर्धास्त होऊ नका, कड्याच्या पोटातलं पाणी लगेच ओसरत नाही.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला, आंबेनळी घाटाचा रस्ता तुटला. ते दुःख आपण विसरलेलो नाही. पण आज मी बोलतोय एकट्यादुकट्या दगडाबद्दल, ज्याची बातमी होत नाही. घनफूटभर काळ्या दगडाचं वजन साधारण ८० किलो. तो २० मीटरवरून सरळ खाली आला, तर जमिनीशी ताशी ७० किलोमीटर वेगाने पोचतो. गाडीचा पत्रा त्यापुढे काय टिकणार?

दगड सुटण्याची शक्यता हा धोका. त्या क्षणी खाली कुणी असण्याची शक्यता त्यात मिळवली की ती जोखीम. साधा हिशेब करू. कड्याची लांबी ५०० मीटर, गाडीचा वेग ताशी ३०. कड्याखालून जायला एक मिनिट लागलं. दिवसाला १४४० गाड्या असतील, तर दिवसाची मिनिटंही १४४०च. म्हणजे सरासरीने चोवीस तास एक गाडी कड्याखाली आहेच! आता रविवारची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. पाचगणीहून उतरणाऱ्या गाड्यांची रांग त्याच कड्याखाली थांबलेली. कडा बदलला नाही, जोखीम मात्र कित्येक पटींनी वाढली. वाहतूक अडवायचीच असेल तर ती कड्यापासून दूर, मोकळ्या वळणावर अडवा. आणि कृपा करून धबधब्याखाली गाडी लावून पोरांचे फोटो काढू नका. जिथून पाणी येतं, तिथेच कातळ सैल होत असतो.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या रस्ते खात्याने अशा जागांना गुण देण्याची पद्धत बसवली. कड्याची उंची, वळणावर पुढचं किती दिसतं, रस्त्याची रुंदी, भेगांचा कल, धोंड्यांचा आकार, पाणी, असे मुद्दे. गुण ३, ९, २७, ८१ असे तिपटीने चढतात, त्यामुळे वाईट जागा यादीत आपोआप वर येते आणि पैसा आधी तिथे जातो. पायथ्याच्या चरालाही त्यात गुण आहेत. चर गाळाने भरला की दगड त्यात अडकत नाही, उसळून रस्त्यावर येतो. चर उपसायला कड्यावर बसवायच्या जाळीइतका खर्च येत नाही, तरी आपण जाळीचीच मागणी करतो.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो त्या पद्धतीतला शेवटचा मुद्दा: आजवर इथे किती दगड पडले? आपल्याकडे याचं उत्तर मैलकुलीच्या, म्हणजे रस्त्याची देखभाल करणाऱ्या कामगाराच्या डोक्यात असतं. एका घाटात मी मोजमाप घेत असताना तिथल्या मामांनी मला तीन जागा दाखवल्या. दोन माझ्या यादीत होत्या. तिसरीकडे कडा धडधाकट दिसत होता, म्हणून मी ती सोडली होती. वर चढून पाहिलं तर झाडीत सुटे धोंडे. मामा म्हणाले, “पहाटेच उचलून टाकतो साहेब, गाड्या सुरू व्हायच्या आत.” काम चोखच होतं त्यांचं. पण तो दगड पडल्याची नोंद कुठेच उरत नव्हती.

म्हणून प्रत्येक घाटात एक वही हवी. तारीख, वेळ, किलोमीटर, आदल्या दिवशीचा पाऊस. उचलण्याआधी दगडाशेजारी पहार ठेवून एक फोटो, म्हणजे आकार कळतो. हे मैलकुलीच करेल असं नाही, तुम्हीही करू शकता, फक्त गाडी कड्यापासून दूर उभी करून. किलोमीटरचा दगड सापडला नाही तर जवळच्या वळणाचं किंवा देवळाचं नाव लिहा, तेही चालेल.